गाठ तर काढली, मग केमो कशाला?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. मामा घरी आले होते, पेजेवरून मऊ खिचडीवर आले होते, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "सुटलात एकदाचे" म्हणून चहा पिऊन जात होता. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत, असं सर्जननं स्वतः सांगितलं होतं. मग बायॉप्सीचा सविस्तर रिपोर्ट आला आणि त्याच सर्जननं चिठ्ठी लिहून दिली, केमोच्या डॉक्टरांना भेटून घ्या. मामांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि मला फोन लावला. "सगळं काढलं म्हणाले ना? मग आता केमो कशाला? काहीतरी लपवतायत बघ हे लोक."

कुणी काही लपवत नव्हतं. पण कुणी नीट समजावलंही नव्हतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बहुतेक घरांत हाच प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर द्यायला ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात गेल्या काही वर्षांत हा आजार बातम्यांत वारंवार दिसू लागलाय. हॉलिवूडचा अभिनेता चॅडविक बोझमन २०२० साली ४३व्या वर्षी यानंच गेला. २०२५च्या जूनमध्ये 'व्यायामानं आतड्याचा कॅन्सर परत येत नाही' अशा मथळ्यांचे मेसेज फिरले, तेव्हा मामांनी मला तो मेसेज तीनदा पाठवला. म्हणून हा लेख.

एक मर्यादा आधीच सांगतो. हे सगळं मोठ्या आतड्याबद्दल आहे, तेही आजार लिव्हर-फुप्फुसापर्यंत पोचलेला नसताना. आतड्याचा शेवटचा वीतभर भाग, म्हणजे गुदाशय, त्याचे नियम वेगळे. तिथे बऱ्याचदा शेक (रेडिएशन) आणि केमो ऑपरेशनच्या आधीच देतात.

गाजरगवत उपटलं, पण बी?

गाजरगवत फुलोरा येण्याआधी उपटायचं असतं, हे कुठल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. फुलं येऊन गेल्यावर उपटलं, तर झाड हातात येतं आणि बी जमिनीत राहतं. बांध स्वच्छ दिसतो. पहिल्या पावसानंतर कळतं काय ते.

सर्जन झाड उपटतो, आणि चांगला सर्जन आजूबाजूच्या हातभर मातीसकट उपटतो. म्हणजे गाठीच्या दोन्ही बाजूंचं आतडं आणि त्याला रक्त पुरवणारा पडदा, लसिकाग्रंथींसह. 'सगळं काढलं' हे शंभर टक्के खरं असतं. मात्र ते झाडाबद्दल खरं असतं. गाठ काढण्याआधीच काही पेशी सुटून रक्तातून कुठे जाऊन बसल्या असतील, तर त्या सर्जनच्या डोळ्याला दिसत नाहीत.

"मग स्कॅन करा ना!" हा पुढचा प्रश्न. स्कॅन केलेला असतोच. पण ढोबळ हिशेबानं एक सेंटिमीटरच्या गाठीत शंभर कोटींच्या आसपास पेशी असतात. सीटी किंवा पेट स्कॅनला काही दिसायचं, तर निदान काही मिलिमीटरचा पुंजका लागतो, आणि त्यातही कोट्यवधी पेशी असतात. दोन-चार हजार पेशी लिव्हरच्या कोपऱ्यात बसल्या असतील, तर जगातलं कुठलंही मशीन त्यांचा फोटो काढू शकत नाही. लिव्हरच का, तर मोठ्या आतड्याचं रक्त हृदयाकडे जायच्या आधी लिव्हरमध्ये जातं. वरून आलेला गाळ आधी धरणात साचतो, तसं.

ऑपरेशननंतरची केमो या न दिसणाऱ्या बियांसाठी असते. इथेच तिचा विचित्रपणा आहे. गाठ अंगात असताना केमो दिली तर गाठ लहान झाली की नाही ते मोजता येतं. इथे मोजायला काही नाही. पाच वर्षांनी तुम्ही ठणठणीत असाल, तर तो केमोचा गुण की ऑपरेशननंच काम झालं होतं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. डॉक्टरांनाही नाही.

रिपोर्टमधली दोन अक्षरं

आता तो चार पानी रिपोर्ट. त्यातल्या दोन अक्षरांभोवती बाकी सगळं फिरतं, टी आणि एन.

टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली. घराच्या भिंतीला ओल येते ना, तसं समजा. आतल्या गिलाव्यातच ओल असेल तर टी-१, विटांत शिरली तर टी-२, भिंतीच्या पार पलीकडच्या थरापर्यंत गेली तर टी-३, आणि बाहेरचा रंगही फुटला किंवा शेजाऱ्याची भिंत धरली तर टी-४.

एन म्हणजे लसिकाग्रंथी, डॉक्टर ज्याला 'नोड' म्हणतात. आतड्याकडून येणाऱ्या वाटांवरचे हे नाके. पळालेल्या पेशी आधी इथे अडकतात. एकाही नाक्यावर कॅन्सरची पेशी सापडली नाही तर एन-०, एक ते तीन नाक्यांवर सापडली तर एन-१, चार किंवा जास्त असतील तर एन-२.

इथे एक गोष्ट अगदी सामान्य माणसानंही तपासावी, ती म्हणजे किती ग्रंथी तपासल्या. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. या बाबतीत ती म्हण चालत नाही. निदान बारा ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या पाहिजेत, असा जगभरचा दंडक आहे. पाचच पाहिल्या आणि पाचही स्वच्छ निघाल्या, तर 'एन-०' या शब्दावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. सहाव्या-सातव्यात काय होतं कुणास ठाऊक! मामांच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, सतरापैकी दोन. टी-३, एन-१.

यावरून स्टेज ठरते. गाठ भिंतीतच आहे (टी-१ किंवा टी-२) आणि नोड स्वच्छ, ही पहिली स्टेज. भिंतीबाहेर आली पण नोड स्वच्छ, ही दुसरी. नोडमध्ये सापडली की तिसरी, मग भिंतीत कितीही कमी खोल असो. पहिल्या स्टेजला केमो लागत नाही, ऑपरेशन पुरतं. तिसऱ्या स्टेजला ती द्यावी याबद्दल जगात फारसा वाद नाही. भांडण आहे ते दुसऱ्या स्टेजचं.

शंभर माणसं रांगेत उभी करा

तिसऱ्या स्टेजचं ऑपरेशन झालेली शंभर माणसं घ्या. कुणालाच केमो दिली नाही, तरी त्यातली साधारण पन्नास बरी होतात. त्यांच्या बांधावर बी पडलेलंच नसतं. शंभरही जणांना केमो दिली, तर आणखी वीसेक जण वाचतात. उरलेल्या तिसांचा आजार केमो घेऊनही परत येतो.

हा हिशेब पुन्हा वाचा, कारण तो असा उघड करून फार कमी वेळा सांगितला जातो. शंभरातल्या पन्नासांनी केमो विनाकारण सोसली. तिसांनी ती सोसून उपयोग झाला नाही. खरा फायदा झाला तो वीस जणांना. आणि हे वीस कोण, ते आधी ओळखता येत नाही. त्या वीसांसाठी सगळ्या शंभरांना सलाईन लावावं लागतं.

मला हे कुत्रा चावल्यावरच्या इंजेक्शनासारखं वाटतं. चावलेला कुत्रा पिसाळलेला असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच. तरी आपण "बघू दोन महिने, काही झालं तर इंजेक्शन घेऊ" असं म्हणत नाही, कारण काही झाल्यावर फार उशीर झालेला असतो. इथेही तसंच आहे. आजार लिव्हरमध्ये दिसायला लागल्यावर बरा करण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. फरक एवढाच की रेबीजच्या लशीनं महिनोन्महिने हातापायाला मुंग्या येत नाहीत, आणि केमोनं येऊ शकतात. त्यामुळे इथे हिशेब करावा लागतो.

या हिशेबात टक्केवारीचा एक घोटाळा हमखास होतो. वरच्याच उदाहरणात पन्नासांचे तीस झाले, म्हणजे 'धोका चाळीस टक्क्यांनी घटला' असंही म्हणता येतं आणि 'शंभरातले वीस वाचले' असंही. दोन्ही खरं. पहिलं वाक्य ऐकायला भारी, दुसरं निर्णयाला उपयोगी. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: माझ्यासारखे शंभर जण असतील, तर केमो न घेता किती जण बरे राहतील आणि घेऊन किती? तुमचा टी, तुमचा एन, तुमचं वय धरून. हा आकडा सांगायला डॉक्टरांना एक मिनिट लागतं. तो न विचारता 'हो' किंवा 'नाही' म्हणणं मला पटत नाही.

औषधं नेमकी कोणती

फार खोलात जात नाही. मुख्य औषध आहे फाइव्ह-एफयू. ते १९५७ सालचं. गाठीच्या पेशी युरॅसिल नावाचा एक कच्चा माल भराभरा ओढून घेतात, असं प्रयोगांत दिसलं होतं. त्यावरून चार्ल्स हाइडेलबर्गर या अमेरिकी शास्त्रज्ञानं त्या मालासारखाच दिसणारा, पण फ्लोरिन जोडलेला बनावट माल तयार केला. पेशी फसून तो घेते आणि तिचं नवं डीएनए बांधण्याचं काम अडतं. भराभर वाढणाऱ्या पेशी आधी फसतात. म्हणून कॅन्सरबरोबर तोंडाचं अस्तर, आतड्याचं अस्तर, रक्त बनवणाऱ्या पेशी यांनाही फटका बसतो. तोंड येणं, जुलाब, पांढऱ्या पेशी कमी होणं हे त्यातूनच.

ऑपरेशननंतर हे औषध दिल्यानं माणसं वाचतात, हे ठामपणे सिद्ध झालं १९९०च्या सुमारास. गंमत म्हणजे तेव्हा त्याच्या जोडीला लेव्हामिसोल द्यायचे, जनावरांना जंतासाठी देतात ते. पुढे त्याची जागा फाइव्ह-एफयूचा जोर वाढवणाऱ्या ल्युकोव्होरिननं घेतली, आणि २००४ मध्ये मोझेक नावाच्या मोठ्या अभ्यासानंतर ऑक्झॅलिप्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनवलेलं औषध जोडीला आलं. २२४६ रुग्णांच्या या अभ्यासात तिसऱ्या स्टेजचे दहा वर्षांनंतर हयात असणारे रुग्ण ५९ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांचं आयुष्य मात्र ऑक्झॅलिप्लॅटिननं वाढलं नाही.

केस? सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो तो. या औषधांनी केस विरळ होतात, पण सिनेमातल्यासारखं टक्कल बहुधा पडत नाही.

दुसऱ्या स्टेजचा पेच

नोड स्वच्छ आहेत, पण गाठ भिंतीबाहेर आलेली आहे. आता?

इथे ऑपरेशननंच बरे होणारे शंभरात ऐंशीच्या आसपास असतात, त्यामुळे केमोला वाचवण्यासारखे उरतातच थोडे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वासार या ब्रिटिश अभ्यासात ३२३९ रुग्ण होते, बहुतेक दुसऱ्या स्टेजचे. केमोनं पाच वर्षांनी हयात असणारे वाढले ते शंभरात साडेतीनच्या आसपास. म्हणजे एकाचा जीव वाचवायला अठ्ठावीस-तीस जणांनी औषध घ्यायचं. घ्यावं का? कुणी म्हणेल, तो एक मी असेन तर? कुणी म्हणेल, सहा महिने इतक्यासाठी नकोत. ही दोन्ही उत्तरं शहाण्या माणसाची आहेत.

सगळी दुसरी स्टेज सारखी नसते, हेही खरं. गाठ टी-४ असेल, आतडं तुंबून किंवा फुटून तातडीचं ऑपरेशन करावं लागलं असेल, बारापेक्षा कमी ग्रंथी तपासल्या असतील, पेशी फार बिघडलेल्या दिसत असतील, रक्तवाहिन्यांत किंवा नसांच्या कडेनं कॅन्सर शिरलेला दिसला असेल, तर धोका जास्त. यातलं काही असेल तर पारडं केमोकडे झुकतं.

पण त्याआधी एक चाचणी हवीच. रिपोर्टमध्ये 'एमएमआर' किंवा 'एमएसआय' ही अक्षरं शोधा. पेशी दुप्पट होताना तिच्या डीएनएची अख्खी पोथी नकलून काढते आणि नकलेत चुका होतात. त्या दुरुस्त करायला पेशीत मुद्रितशोधक बसलेले असतात, म्हणजे एमएमआर नावाची प्रथिनं. आतड्याच्या साधारण पंधरा टक्के कॅन्सरमध्ये हे मुद्रितशोधक गैरहजर असतात आणि पान न् पान चुकांनी भरतं. वाईट वाटतं ऐकायला, पण दुसऱ्या स्टेजला हे चांगलं लक्षण आहे! इतक्या चुकांची पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना लगेच परकी वाटते आणि ते तिच्यावर तुटून पडतात. अशा रुग्णांचा आजार परत येण्याची शक्यता कमी असते, आणि नुसत्या फाइव्ह-एफयूचा त्यांना फायदाही दिसत नाही. म्हणजे बहुतेकदा केमो नको.

याच चाचणीतून कधीकधी घराण्यातली गोष्टही बाहेर येते. मुद्रितशोधक जन्मापासूनच अधू असतील तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि मग भावंडांनी, मुलांनीही तपासणी करून घ्यायला हवी. चाचणी काढलेल्या गाठीच्या, मेणात जपून ठेवलेल्या ठोकळ्यावरच होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. रिपोर्टमध्ये ती नसेल, तर मागून घ्या.

तीन महिने की सहा?

मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारा भाग हा. कारण इथे डॉक्टरांनी स्वतःलाच विचारलं, आपण जास्त औषध देतोय का?

कित्येक वर्षं केमो सहा महिने द्यायची रीत होती. पण ऑक्झॅलिप्लॅटिन जितकं अंगात साचतं, तितक्या नसा दुखावतात. आधी थंडीचा त्रास. थंड पाणी प्यायलं की घशात काटे टोचल्यासारखं होतं, फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. हे थोड्या दिवसांत ओसरतं. डोस वाढत जातात तशा मुंग्या मुक्कामाला येतात. शर्टाचं बटण लावता येत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बहुतेकांच्या मुंग्या औषध थांबल्यावर हळूहळू कमी होतात. काहींच्या वर्षानुवर्षं राहतात. शिंप्याला, सोनाराला, तबलजीला, भात लावणीला चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला हा किरकोळ दुष्परिणाम म्हणता येईल का?

मग सहा वेगवेगळे अभ्यास एकत्र करून, आयडिया या नावानं, तिसऱ्या स्टेजच्या १२,८३४ रुग्णांवर तीन विरुद्ध सहा महिने अशी तुलना झाली. निकाल २०१८ साली आले. तीन वर्षांनी आजारमुक्त असलेले, तीन महिनेवाल्यांत ७४.६ टक्के, सहा महिनेवाल्यांत ७५.५ टक्के. आणि त्रासदायक मुंग्या? सहा महिन्यांत साधारण ४५ ते ४८ टक्के लोकांना, तीन महिन्यांत १४ ते १७ टक्क्यांना. एका टक्क्याच्याही आतल्या फरकासाठी तिप्पट मुंग्या.

सगळ्यांनी तीनच महिने घ्या, असा याचा अर्थ होत नाही. टी-१ ते टी-३ आणि एन-१ असेल, म्हणजे तिसऱ्या स्टेजमधला कमी धोक्याचा गट, आणि केमो 'कॅपॉक्स' प्रकारची (सलाईन आणि गोळ्या) असेल, तर तीन महिने पुरतात. टी-४ किंवा एन-२ असेल, तर अजूनही बऱ्याचदा सहा महिन्यांकडे कल असतो, विशेषतः केमो 'फोलफॉक्स' प्रकारची (सलाईन आणि पंप) असेल तर. "जास्त औषध म्हणजे जास्त खात्री" हा आपल्या मनातला हिशेब मात्र चुकतो. मामी शेवटपर्यंत म्हणत होत्या, "त्यांना सहा महिने दिली, आपल्याला तीनच का? स्वस्तात उरकतायत का?" शेजारच्या खाटेवरचे काका एन-२ होते, मामा एन-१. हे समजावायला मला गाजरगवताची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली.

गोळ्यांची केमो म्हणजे सौम्य केमो का?

कॅपॉक्समध्ये दर तीन आठवड्यांनी एकदा सलाईनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन, आणि चौदा दिवस घरी सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. मग एक आठवडा सुट्टी. तीन महिन्यांत अशा चार सायकल होतात. फोलफॉक्समध्ये दर दोन आठवड्यांनी जायचं, सलाईन घ्यायचं, आणि फाइव्ह-एफयूचा छोटा पंप ४६ तास लावून ठेवायचा, ज्यासाठी बहुधा छातीत कातडीखाली पोर्ट नावाची छोटी डबी बसवतात.

कॅपेसिटाबिन शरीरात जाऊन फाइव्ह-एफयूच बनतं. गोळी आहे म्हणून ती क्रोसिनच्या जातीची नव्हे. तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, जुलाब होतात. दिवसातून सात-आठ वेळा जुलाब होत असताना "कोर्स अर्धा सोडू नये" म्हणून गोळ्या चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. प्रतिजैविकांचा तो नियम इथे लागू नाही. गोळ्या थांबवायच्या आणि फोन करायचा. ताप आला तरी फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर आधीच सांगायचं, दोघांचं जमत नाही.

थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडीत काढणारं डीपीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. त्यांना नेहमीचा डोससुद्धा विषासारखा होतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०२० पासून औषध सुरू करण्याआधी ही चाचणी करण्याची शिफारस केली आहे. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. विचारायला हरकत नाही.

आपल्या भागात कॅपॉक्स की फोलफॉक्स हा प्रश्न बऱ्याचदा एसटीच्या वेळापत्रकावर सुटतो. वाशीमहून परळच्या टाटा हॉस्पिटलला येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाला दर दोन आठवड्यांनी येणं आणि दर तीन आठवड्यांनी येणं यांत फार मोठा फरक आहे. पंप लावून रेल्वेच्या गर्दीत शिरणं तर नकोच. केमो घराजवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी घेता येईल का, हे मोठ्या हॉस्पिटलात स्पष्ट विचारावं. औषधं तीच असतात, जुनी असल्यानं त्यांची जेनेरिक रूपंही मिळतात, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोचा समावेश आहे. योजनेत कुठलं हॉस्पिटल येतं ते ऑपरेशनच्या वेळीच बघून ठेवलं, तर पुढची धावपळ वाचते.

वय झालंय, आता कशाला?

वय हा आकडा एकटा पुरत नाही. रोज देवळापर्यंत चालत जाणारी पंचाहत्तरीची आजी आणि किडनी, साखर, हृदय असं सगळं घेऊन बसलेले साठीचे आजोबा, यांत केमो कुणाला झेपेल हे सांगायला नको. पण सत्तरीनंतर ऑक्झॅलिप्लॅटिननं जास्तीचा फायदा होतो का, याबद्दल पुरावा कमजोर आहे. म्हणून बरेच डॉक्टर या वयात नुसत्या कॅपेसिटाबिनवर थांबतात. हे उपचार टाळणं नव्हे. फायद्याचा मोठा वाटा मुळात फाइव्ह-एफयूच्या घराण्याचा आहे, ऑक्झॅलिप्लॅटिन त्यावर थोडी भर घालतं.

"विचार करू दोन-तीन महिने"

इथे घड्याळ चालू असतं. जखम भरायला वेळ द्यावा लागतो, पण साधारण सहा ते आठ आठवड्यांत केमो सुरू व्हावी अशी अपेक्षा असते. जितका उशीर, तितका फायदा आटतो. दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या, गाठीचे ठोकळे दुसरीकडे तपासून घ्या, पण ते पहिल्या महिन्यातच. अनेक घरांत हे आठवडे कुणीतरी सांगितलेल्या काढ्याची वाट बघण्यात जातात. काढ्याविरुद्ध माझं भांडण नाही. मात्र शंभर माणसं काढा घेणारी आणि शंभर न घेणारी अशी रांग कुणी लावून दाखवलेली नाही, आणि केमोच्या गोळ्यांसोबत न सांगता घेतलेली जडीबुटी लिव्हरवर काय करेल याचा नेम नाही. घेत असाल तर निदान डॉक्टरांना सांगा. रागावतील फार तर.

रक्ताच्या तपासणीनं बी दिसत नाही का?

दिसायला लागलंय. मरणाऱ्या कॅन्सर पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात तरंगतात आणि ते आता शोधता येतात. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक नावाच्या अभ्यासात दुसऱ्या स्टेजच्या ४५५ रुग्णांपैकी काहींची केमो या तपासणीवरून ठरवली, बाकीच्यांची नेहमीच्या पद्धतीनं. २०२२ साली निकाल आला. तपासणीवाल्यांत १५ टक्क्यांनाच केमो द्यावी लागली, दुसऱ्या गटात २८ टक्क्यांना, आणि दोन वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ९२-९३ टक्के. केमो घ्यावी लागणाऱ्यांची संख्या जवळपास निम्मी झाली!

मग सगळ्यांनी हीच करावी? तपासणी महाग आहे. आणि रक्त स्वच्छ आलं म्हणजे बी नाहीच, असंही नाही. काहींचा आजार तरीही परत येतो. तिसऱ्या स्टेजला नुसत्या या तपासणीच्या भरवशावर केमो टाळावी इतका पुरावा अजून नाही. रिपोर्ट 'आहे' म्हणाला तर तो गंभीरपणे घ्यावा, 'नाही' म्हणाला तर फार हुरळून जाऊ नये.

आणि तो व्यायामाचा मेसेज

मामांनी तीनदा पाठवलेली बातमी खरी होती, मथळा अर्धा होता. चॅलेंज नावाचा हा अभ्यास, ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत पाच वर्षांनी आजारमुक्त असलेले ८० टक्के, नुसतं माहितीपत्रक मिळालेल्यांत ७४ टक्के. एखाद्या औषधानं हे केलं असतं तर त्याची किंमत लाखांत लावली असती. पण मेसेजमध्ये गाळलेली ओळ अशी, की हे सगळे लोक ऑपरेशन आणि केमो पूर्ण करून मग व्यायामाला लागले होते. आणि व्यायाम म्हणजे जेवल्यावरची शतपावली नव्हे. आधी होती त्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास झपझप चालण्याइतकी भर.

मामांनी मग कालनिर्णयच्या पानामागे चार प्रश्न लिहून नेले. माझ्यासारख्या शंभरांत किती? तीन महिने की सहा? एमएमआर केली का? आणि चौथा, जो मी सुचवला नव्हता: "नाही घेतली तर तुम्ही मला रागावणार का?" डॉक्टर हसले म्हणे, आणि खुर्ची जवळ ओढून वीस मिनिटं बोलले.

चार सायकल झाल्या. शेवटच्या दोन नेमक्या डिसेंबरात आल्या, आणि कराडच्या थंडीत मामा लोकरीचे हातमोजे घालून दुधाची पिशवी आत आणायचे. गल्लीतली पोरं त्यांना 'काश्मीर' म्हणायला लागली होती. आता दर तीन महिन्यांनी रक्ताची सीईए तपासणी (आजार परत येतोय का याचा इशारा देणारी), वर्षातून एकदा सीटी, आणि ऑपरेशनला वर्ष झालं की कॉलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी. डाव्या पायाच्या दोन बोटांत अजून थोड्या मुंग्या आहेत. ते वीसांतले की पन्नासांतले, हे मला अजूनही मध्येच फोन करून विचारतात.